शेवटच्या खांबापलीकडे

"वहिनी, मागं फिरा! अहो वहिनी!"

ओरडतच, एके काळी खाणीतलं पाणी उपसणारा म्हातारा पंपवाला खाणीच्या तोंडातून आत शिरला, पण वहिनी वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. बाहेर काँक्रीटची गाडी घरघरत उभी होती. खाणीचं तोंड कायमचं बुजवायला आलेली इंजिनियरबाई हातातलं काम टाकून धावली.

"आजोबा, छत खिळखिळं झालंय! आधी त्यांना बाहेर आणा!"

खाण बंद पडल्यापासून त्याने आत पाऊल टाकलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात भिंतीतली शिशाची शीर चमकली, पांढऱ्या गारेत करड्या आरशासारखी. त्या शिशात चांदीचा अंश होता, म्हणून तर डोंगर पोखरला. मालक शिरेच्या मागे आत आत शिरला आणि एका जागी ती कापल्यासारखी संपली. कोणे एके काळी तिथे डोंगरच तडकून सरकला होता. शिरेचा पुढचा तुकडा कुणाला सापडला नाही. मग मालकाची नजर छत पेलायला न खोदता राखलेल्या दगडी खांबांवर गेली. त्यांतही शिसं होतंच. आतून बाहेर येत एकेक खांब काढा, असा हुकूम सुटला. काढणाऱ्यांत पंपवाल्याचा थोरला भाऊ होता. छत बसलं ते त्याला पोटात घेऊनच. उकरायला कुणी धजलं नाही.

वहिनी ढिगाऱ्यापाशी उभी होती.

"इथंच ना?"

"इथंच. चला आता."

"घाई करू नका भाऊजी. यांच्या कामावर पहिल्यांदाच आलेय मी."

वर काहीतरी करकरलं. मातीची बारीक धार त्याच्या मानेवर पडली. त्या दिवशी पंपाच्या धडधडीतूनही हाच आवाज त्याला ऐकू आला होता.

"पाया पडतो वहिनी. छप्पर बोलायला लागलंय."

"ऐकलं मी."

तिने दगडावर तळवा टेकला. "अहो," तिने हाक मारली, पान वाढल्यावर मारावी तशी. पाणी ठिबकत राहिलं. ती कान देऊन थांबली. तेवढ्यात मागे एक धोंडा निखळून आदळला, धुळीने उजेड गढूळ झाला आणि पंपवाला मटकन खाली बसला.

वहिनी वळली. "चला. यांचं काही म्हणणं नाही."

"मला उठवत नाही हो."

"उठा. तुम्हाला इथं टाकून गेले तर तुमची बायको मला घरात घेईल का?"

तिने त्याच्या काखेत हात घातला. दोघं भिंत चाचपत निघाली. तोंडाशी पोचतात न पोचतात तोच आत काहीतरी धप्पकन बसलं आणि गार वारा त्यांच्या पाठीवर आला.

इंजिनियरबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने हळूच विचारलं, "सुरू करू?"

पंपवाल्याने वहिनीकडे पाहिलं.

"करा," वहिनी म्हणाली. आणि लहान मुलाला रस्ता ओलांडून द्यावा तसा त्याचा हात धरून ती उतार उतरू लागली.