मला धुवायला नको होतं

मी एक टॉवेल बोलतोय. पांढरा, सुती, एका कोपऱ्याला विरलेला. टॉवेलाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणाल. पण माणसं जे पुसून टाकतात ते आमच्याच अंगावर येतं, त्यामुळे आम्हाला जरा जास्तच माहीत असतं.

जन्म गिरणीतला, उमेदीची वर्षं मात्र हॉटेलात गेली. तिथे एकच साहेब माझ्याने तोंडही पुसायचा आणि जाताना बूटही. पुढे कोपरा विरला आणि हॉटेलाला मी नकोसा झालो. हॉटेलाचे कपडे ज्या लॉन्ड्रीत धुतले जायचे, तिथल्या मालकीणबाईंनी मला घरी ठेवून घेतलं.

बाई स्वच्छतेच्या भारी. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. "डाग शिळा झाला की हट्टी होतो," असं त्या येताजाता म्हणायच्या. त्यांचा मुलगा टेम्पोतून कपडे पोचवायचा आणि सून इस्त्री करायची. सुनेला आठवा महिना लागला होता.

सोमवारी दुपारी अर्धी चादर इस्त्री झाली असताना सून थबकली. तिच्या पायांवरून कोमट पाणी ओघळलं. तिने मला ओढून घेतलं आणि पुसलं. मी आजवर नाना तऱ्हेचं पाणी टिपलंय. हे लघवीचं नव्हतं.

"आई, बघा ना जरा. याला वासच नाहीये."

"अगं, बाळ खाली दाबतं, मग लघवी सुटते. माझ्या वेळीही असंच व्हायचं. आण तो इकडे."

पाच मिनिटांत मी उकळत्या पाण्यात होतो आणि संध्याकाळी दोरीवर पांढराशुभ्र. बाई काही वाईट नाहीत. त्यांनी सुनेला त्या दिवशी पुन्हा उभं राहू दिलं नाही, पाठीशी स्वतःची उशी दिली. एवढी माया होती, पण ऐकायची तयारी नव्हती.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. सुनेने पुन्हा सांगितलं, बाईंनी पुन्हा लघवीच म्हटलं. या वेळी सुनेने मला डॉक्टरांना दाखवायचं म्हणून उशाशी ठेवलं. बाईंना मी सापडलोच. "असलं ओलं कुणी उशाशी ठेवतं का?" म्हणत त्यांनी मला पुन्हा धुतलं. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

बुधवारी सुनेला ताप भरला. पाणी गढूळ झालं, त्याला वास येऊ लागला. "आई, बाळ सकाळपासून हललं नाही," ती म्हणाली. मुलाने टेम्पोतले कपडे रस्त्यावरच उतरवले आणि सगळे निघाले. बाईंनी मला तेवढ्यातही धुऊन, इस्त्रीने वाळवून पिशवीत घातलं होतं.

दवाखान्यात नर्सने विचारलं, "पाणी कधीपासून जातंय? रंग कसा होता? कापड आणलंय?"

बाईंनी मला काढून दिलं. नर्सने मला उलटसुलट केलं.

"हे तर धुतलंय."

"हो, उकळून," बाई म्हणाल्या. नर्सने मला परत त्यांच्या हातात दिलं आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, सोमवारीच फुटली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की तेव्हाच आला असतात तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला इंजेक्शनं देता आली असती, जंतूंना अडवता आलं असतं. आता जंतू आत शिरले होते आणि थांबायला वेळ नव्हता.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवून नाकात श्वासाची नळी घातली. रक्तातही जंतू निघाले.

बाळंतिणीच्या खाटेपाशी नवरा म्हणाला, "तीन दिवस पाणी जात होतं आणि तुला बोलावंसं वाटलं नाही?"

सुनेने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती काही सांगणार नव्हती. बाईंच्या मुठीत मी होतो. त्यांनी मला हजार वेळा पिळलंय, पण इतकं घट्ट कधी नाही.

"तिने सांगितलं होतं रे," बाई म्हणाल्या. "दोनदा. मीच ऐकलं नाही."

आज नववा दिवस. काल नळी निघाली, इंजेक्शनं अजून चालू आहेत. डॉक्टरीणबाई शब्द देत नाहीत. कान आणि डोळेही पुढे तपासावे लागतील, म्हणतात. मला भीती वाटते, हे लपवून काय करू?

तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल आणि असं पाणी गेलं, तर ते कसलं हे घरात ठरवू नका. तिचं ऐका. माझ्यासारखं जे कापड हाताशी असेल ते न धुता, तसंच पिशवीत घाला आणि तिला घेऊन त्याच पावली निघा.

आत्ता मी बाईंच्या खांद्यावर आहे. त्या काचेबाहेर उभ्या राहून नातीचे श्वास मोजताहेत. इतक्या लवकर आलेली बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात म्हणे. ती विसरली की बाईंचाही श्वास अडकतो. नर्स इवल्याशा तळव्यावर टिचकी मारते. मग दोघीही श्वास घेतात.