मागचं उजवं दार

गाडीतला कायमचा दोष पकडायला अक्कल लागते, पण मनात आलं तर येणारा आणि बघायला गेलं की गुपचूप निघून जाणारा दोष पकडायला सबुरी लागते, आणि सुआमेच्या आमच्या गॅरेजांच्या वस्तीत ती फारशी कोणाकडे नाही. तीस वर्षं मी इथे गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. माझा एक हट्ट साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. दोष हातात आल्याशिवाय मी 'सापडला' म्हणत नाही, आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवल्याशिवाय गाडी सोडत नाही. मॅडम न्यार्कोआ माझ्याकडे आल्या त्या याच हट्टाचं ऐकून.

निवृत्त मुख्याध्यापिका, वय सत्तरीच्या पुढे, पाठ अजून फळ्यासमोर उभ्या असल्यासारखी ताठ. गाडी तीस वर्षांची, फ्रेंच, निळी. बरोबर त्यांचा भाचा आजापाँग होता, तो हात बांधून जरा लांब उभा राहिला.

"छतातला दिवा लागतो," त्या म्हणाल्या. "गाडी चालू असताना, चारही दारं बंद असताना. जरा वेळ लागतो आणि विझतो."

"कधी लागतो, मॅडम?"

"ताफो रस्त्याच्या सिग्नलला. रोज नाही."

मी हसलो. सिग्नलला गाडी थांबते, इंजिनची थरथर बदलते, कुठेतरी सैल वायर लोखंडाला टेकते. रोगी डॉक्टरसमोर बरा होतो, त्यातलाच प्रकार. मी तसं सांगितलंही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला नेलं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी दुफी त्या सिग्नलला गाडीतून उतरली होती. पुढच्या सीटवर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे होते, म्हणून ती मागे उजवीकडे बसलेली. तिला शिक्षिका व्हायचं नव्हतं, केस विणायचं काम शिकायचं होतं, आणि त्यावरून दोघींची जुंपली. पोरगी दार उघडून चालती झाली आणि दार तसंच उघडं टाकून गेली. दार लावायची सवय तिला कधीच नव्हती.

"मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या," मॅडम म्हणाल्या, "म्हणून मी उतरले आणि आधी दार लावलं. दार लावून वर बघितलं तर ती दिसेना. दाराचं काय एवढं होतं, मास्टर? राहिलं असतं उघडं."

त्यानंतर दुफी कोणालाच दिसली नाही.

"गाडीत दोष असेल तर मी ती देऊन टाकीन. आजापाँगने गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पण दोष नसेल तर गाडी माझ्याकडे राहील. तुम्ही खरं सांगता असं ऐकलंय, तेवढंच हवं आहे मला."

त्या रिक्षाकडे वळल्यावर आजापाँग जवळ आला. "मास्टर, मावशी तिथे हिरवा सिग्नल सोडून थांबून राहते. गेल्या महिन्यात मागून एका ट्रोट्रोने, भाड्याच्या व्हॅनने, ठोकलं, थोडक्यात वाचली. काहीतरी सापडू दे तुम्हाला, पाया पडतो."

"सापडलं तर सांगीन," मी तुटकपणे म्हणालो.

पाच दिवस मी त्या गाडीमागे घालवले. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं, दार लागलं की दाबलं जातं, उघडलं की सुटतं आणि दिवा लागतो. चारही बटणं तपासली. वायरींचा जुडगा हातभर हातभर हलवून पाहिला, गाडी उन्हात तापवली, पाण्याने भिजवली, खड्ड्यांतून पळवली. दिवा काही लागला नाही. मागच्या उजव्या दाराचं बटण काढलं तेव्हा त्याच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा जुना ठिपका दिसला. बटण एकदम चोख होतं, नव्यासारखं.

शेजारचा वेल्डर बोआदू रोज डोकावायचा. "पाच दिवस झाले की रे. आता त्या गाडीशी लग्नच लाव, तुझ्या बायकोला मी समजावतो."

"तुझी तुला ऐकते का आधी?" मी म्हणालो. पण मनातून मी रडकुंडीला आलो होतो.

सहाव्या दिवशी मी चारही बटणं उपटून काढली, सुट्या वायरींची टोकं टेपने घट्ट बांधली आणि मॅडमना म्हटलं, चला, एक फेरी मारू. आता तो दिवा लागणं शक्यच नव्हतं. त्या गाडी चालवत होत्या आणि मी पुढे शेजारी बसलो होतो. हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ आकाशात भरलेली, दुपारीच सांजावल्यासारखं झालेलं. ताफो रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि आमच्या डोक्यावर दिवा लागला.

मी वर पाहिलं, मागे पाहिलं नाही. मॅडमनी हात उचलून आरसा किंचित खाली वळवला, मागच्या सीटवरचं कोणी नीट दिसावं इतकाच. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजू लागले. एक लॉरी आम्हाला घासूनच गेली. मॅडम हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गेटाशी शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आईचा चेहरा होता तो, आणि त्याचीच मला भीती वाटली. मग दिवा विझला आणि त्यांनी सावकाश गाडी पुढे घेतली.

गॅरेजला पोचल्यावर त्यांनी विचारलं, "सापडला दोष?"

माझ्या डोळ्यांसमोर अजून ती लॉरी होती. आज घासून गेली, उद्या काय करील? मी आत गेलो, भंगाराच्या डब्यातून एक गंजून हिरवं पडलेलं बटण उचललं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"सापडला, मॅडम. मागच्या उजव्या दाराचं. आतून सडलं होतं."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटं बोललो, आणि तेही समोर बघून.

त्यांनी ते बटण उलटसुलट करून पाहिलं. "दुफी लहानपणी गाडीत पुस्तक वाचायची," त्या म्हणाल्या. "दिवा विझू नये म्हणून दार उघडं ठेवायची आणि मी ओरडले की दार न लावता बोटाने ते बटण दाबून दिवा विझवायची. एकदा माझं नेलपॉलिश लावून ठेवलं त्याला. लाल."

माझा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. ते खरं बटण तिथेच होतं.

"ठीक आहे, मास्टर," त्या म्हणाल्या. त्यांनी मूठ मिटली. "दोष होता. आजापाँगला सांगा, गाडी घेऊन जाऊ दे." जाता जाता माझ्या खिशावर हलकेच बोट टेकवलं. "ते राहू द्या तुमच्याकडे."

पंधरवड्यात निळ्या गाडीचे सुटे भाग वस्तीभर विकले गेले. मी ते बटण माझ्या गाडीत काचेपाशी ठेवलं, कारण टाकवेना. माझ्या गाडीच्या छतात बल्ब आहे पण वायर नाही, ती मी केव्हाच एका गिऱ्हाइकाच्या गाडीला वापरली. वायरमनच्याच गाडीत अंधार, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

काल संध्याकाळी घरी जाताना ताफो रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, आणि डोक्यावर दिवा लागला.

सिग्नल हिरवा झाला, हॉर्न सुरू झाले, कोणीतरी माझ्या आईचा उद्धार केला. ब्रेकवरचा पाय उचलून निघून जाणं सोपं होतं. पण दिवा लागलाय म्हणजे मागचं दार उघडं, मग गाडी कशी हलवायची, एवढंच डोक्यात येत राहिलं. मी थांबलो. दिवा विझल्यावर गिअर टाकला आणि घरचं वळण सोडून मॅडमच्या घराकडे निघालो. वाटेत एकदाही आरशात पाहिलं नाही.

मॅडम व्हरांड्यात बसून केळी सोलत होत्या. माझी गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी फाटकाशी थांबताच त्या उठून उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद केलं आणि डोक्यावर दिवा लागला.

तो लागूनच राहिला. किती वेळ, कोण जाणे. मॅडम पायऱ्या उतरून फाटकाजवळ आल्या. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यामागे होती.

"दार तरी लाव, बाई," त्या म्हणाल्या.

दिवा विझला.