चिवट तेवढे उरले

सानपाड्याच्या शाळेत सुचिता मॅडमचा उत्क्रांतीचा तास दहावीच्या पोरांच्या आवडीचा. जिराफाची मान बाजूला ठेवून ती थेट जंतूंवर यायची. "जंतूही सगळे सारखे नसतात," ती त्या दिवशी सांगत होती. "लाखांत एखाद्यात औषध सोसायची ताकद जन्मतःच असते. औषधं पूर्ण घेतली तर तोही संपतो. मध्येच सोडली, की दुबळे मेलेले आणि चिवट उरलेले. पुढची पिढी मग त्या चिवटांचीच. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात."

"मॅडम, मग लोक औषध मध्येच का सोडतात?" पहिल्या बाकावरच्या नूरीनने विचारलं.

"बरं वाटतं म्हणून," सुचिता म्हणाली आणि फळा पुसायला वळली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी तिच्या घरी जाऊन यावं. सुचिताला टीबी झाला होता. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी दोनच महिन्यांच्या झाल्या होत्या आणि उरणच्या रूपेशशी तिचं लग्न ठरलं होतं.

त्या संध्याकाळी करावे गावातल्या घरी तिची आई पुतळाबाई कोळंबी सोलत बसली होती. हात धुऊन ती उठली, कपाटातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि केराच्या पिशवीत कोंबलं.

"आय, अर्ध्यावर सोडल्या तर आजार उलटतो गो."

"खोकला गेला ना तुजा? मंग बस झाल्या गोल्या. उरनच्या मानसांना कललं त लगीन मोरंल. झाकली मूठ सवा लाखाची."

"लग्नानंतर तरी घेऊ दे."

"कोनासमोर खाशील? सासूसमोर?"

सुचिताने पाकीट परत काढलं नाही. शिकलेली, नोकरी करणारी, रोज पन्नास पोरांना शहाणपण सांगणारी मुलगी आईसमोर गप्प बसली. आपल्याकडे अशा मुलीला गुणाची म्हणतात.

हळद झाली, लग्न झालं, सुचिता उरणला नांदायला गेली. काही महिन्यांत खोकला परत आला. सासू भागीरथीबाईने मायेने आल्याचा काढा करून दिला. दुपारी नणंद दर्शना वहिनीच्याच गादीवर लोळत मोबाइल बघायची. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा रूपेशने डॉक्टर गाठला. अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांची गोष्ट तिथे बाहेर आली.

"हा नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "उपचार अवघड आहेत, पण होतील. आणि घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा."

रूपेशची झाली, तो सुटला. दर्शना खोकत होती, पण तिला भागीरथीबाईने उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. "रविवारी पनवेलची मानसं तिला बघायला यायची हायत. लगीन झाल्यावर बगू."

पुतळाबाईच बोलत होती जणू, फक्त घर बदललं होतं. सुचिताला भीती वाटली, खरीखुरी भीती. आपल्या अंगात उरलेले जंतू दर्शनाच्या अंगातून तिसऱ्याच घरात निघाले होते.

रविवारी पाहुणे बसले असताना ती मास्क लावून दारात उभी राहिली. "मला टीबी आहे. दर्शनालाही लागला असेल. आधी तपासणी करा, मग बोलणी करा."

पाहुणे भराभर उठून गेले. दर्शना खाली बघत म्हणाली, "वैनी, माजं वाटोलं केलंस."

भागीरथीबाई ओरडली नाही. पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "तू आधी खरं सांगतीस, त मी तुला सून करून घेतली असती का? नसती. मंग माज्या पोरीला कोन घेल?"

तिसऱ्या प्रहरी रूपेशने सुचिताला करावेला नेऊन सोडलं. आता तिथे तिचे उपचार चालू आहेत. फोन केला की दर्शना उचलत नाही. तपासणी अजून झालेली नाही. न्हाणीघरात नळ मोठा सोडून ती खोकते, असं रूपेश सांगतो.

दर्शनासाठी दुसरं स्थळ आलं आहे. कुठलं ते सुचिताला कुणी सांगत नाही. वाचकहो, ते घर तुमचं किंवा माझंही असू शकतं. दर्शनाने आपणहून खरं सांगितलं, तर आपण तिला सून करून घेऊ का?