एक जास्त

रोज संध्याकाळी साडेपाचला हणमंत डुबल जिथे असेल तिथली सगळी माणसं जोडीजोडीने खाली बसत. तुरुंगात सात वर्षं त्याच वेळेला गिनती व्हायची, आणि तो सुटला तेव्हा ती त्याच्याबरोबर बाहेर आली. एसटी स्टँडवर कंडक्टर हमालाशेजारी बसला, रसवंतीवाला गिऱ्हाइकाशेजारी. मिनिटभराने सगळे कपडे झटकून उठले आणि आपापल्या कामाला लागले. कुणी त्याबद्दल ब्र काढला नाही.

शैला केंजळे सुटलेल्या कैद्यांना कामाला लावून देणाऱ्या संस्थेत होती. कागद करायचे, मालकांच्या हातापाया पडायचं, आणि लावलेला माणूस टिकतोय का ते बघायला उन्हातान्हात स्कूटर हाणायची, असं तिचं काम. हणमंत पहिल्यांदा आला तेव्हा ऑफिसच्या दारापुढे पाऊण तास उभा होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

"हणमंतराव, ढकला की. उघडंच आहे."

"व्हय ताई," तो म्हणाला, आणि हात मागे बांधून उभाच राहिला. शेवटी तिने आतून उघडलं. सात वर्षं ज्याच्यासाठी दुसरंच कुणी दार उघडतं, त्याच्या हातातून ती सवय जाते. असे पन्नास जण तिने पाहिले होते.

साडेपाचला हणमंत आणि ऑफिसचे शिपाई काका शेजारीशेजारी जमिनीवर बसले. जोडीला कुणी उरलं नाही म्हणून शैला उभी राहिली. मिनिट गेलं, काका उठले, हणमंत मात्र उठेना. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काय झालं?"

"मोजलं न्हाय कुणी."

तिला त्याची दया आली. तिने काकांना परत खाली बसायला लावलं आणि बोट फिरवलं. "दोन. बरोबर." हणमंत लहान पोरासारखा हसला आणि उठला. इथेच तिचं चुकलं. त्या दिवसापासून मोजून 'बरोबर' म्हटल्याशिवाय कुणालाच उठता येईना, आणि मोजायचं तर शैलानेच. दुसऱ्या कुणी मोजलेलं लागूच पडत नसे.

हणमंतने गावच्या भांडणात एका माणसाच्या डोक्यात फावडं घातलं होतं. तो माणूस मेला. बायकोने दुसरं घर केलं, आणि दोन वर्षांची वैजू बालगृहात गेली. आता ती नऊ वर्षांची होती. मुलगी परत मिळायची तर बालकल्याण समितीची एकच अट होती: सलग नव्वद दिवस एका जागी काम, आणि तसा मालकाच्या सहीचा कागद. हणमंत वैजूला दोनदा भेटून आला होता. दुसऱ्या भेटीत तिने त्याचं एक बोट धरलं होतं, आणि ते बोट तो आठवडाभर जरा लांबच धरून चालायचा.

तुरुंगात तो शाळेचे बाक बनवायला शिकला होता. शैलाने त्याला मुजावरचाचांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये लावलं; तिथेही बाकच बनत, दोन मुलांचे. चाचा धरून तिथे अकरा माणसं; हणमंत बारावा. साडेपाचला सगळे तयार बाकांवर बसत. सहा बाक, बारा माणसं, आणि शैला उभी. "बारा. बरोबर." माणसं उठत, डबे उचलत, घरी जात. पॉलिशकाम करणारी इंदूबाई हणमंतच्या शेजारी बसायची आणि त्याला सुपारीचं खांड द्यायची. मोजण्यासाठी रोज चौदा किलोमीटर यावं लागायचं, पण शैलाची तक्रार नव्हती. इतक्या वर्षांत तिची एकही केस इतकी सरळ चालली नव्हती.

अठ्ठावन्नाव्या दिवशी हवालदार चौकशीला आला. डुबल इथेच का, वागणूक कशी, असं त्याने भर शेडमध्ये विचारलं. कशासाठी आत होता तेही सांगून गेला. चाचांना आधीपासून माहीत होतं. बाकीच्यांना त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी इंदूबाईने बसताना पदर आवरून घेतला. शैलाने मोजलं. तेरा.

पुन्हा मोजलं. तेरा. तिने एकेकाचं नाव घेतलं. बारा नावं, बारा 'हजर'. डोकी मोजली की तेरा. प्रत्येक चेहरा ओळखीचा, नवं कुणी नाही. आपण स्वतःलाच धरतोय की काय म्हणून तिने बाहेर जाऊन खिडकीतून मोजलं. तेराच. बाक सहाच होते, ते सगळे भरले होते, आणि हणमंत उभा होता.

"आत कमी भरायची कधीमधी," हणमंत हळूच म्हणाला. "जास्त कधी भरली न्हाय."

साडेसहा झाले. कुणाला हलता येत नव्हतं. मग हणमंत दरवाज्याजवळ जाऊन थांबला, शैलाने दार उघडलं, तो रस्त्यावर गेला. "बारा," ती म्हणाली. "बरोबर." माणसं उठली. तिला मनातून फार लाज वाटली.

पुढे तीच वहिवाट पडली. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी हणमंतने रस्त्यावर जायचं. आठवडाभर जमलं. मग तो रस्त्यावर असूनही तेरा भरले, म्हणून तो ओढ्यापलीकडे जाऊन उभा राहू लागला. मग गिनती दुपारच्या जेवणालाही लागायला लागली, तेव्हा शैलाने चाचांच्या विनवण्या करून त्याचं काम शेडबाहेर, भिंतीच्या सावलीला लावलं. खिडकीतून फळ्या बाहेर यायच्या, बाक आत जायचे. ऐंशीव्या दिवशी ती खिडकीही कुणीतरी लावून घेतली.

"ताई, माझी हरकत न्हाय," चाचा म्हणाले. "माणूस सोन्यासारखा हाय. पण ही माणसं उठंनात, त्याला मी काय करू?"

"दहा दिवस, चाचा. फक्त दहा."

"मी न्हाय म्हनतोय व्हय?"

नव्वदाव्या दिवशी कागद तयार होता. नव्वदावा दिवस गिनती झाल्यावरच पुरा होणार, म्हणून सही तेव्हा, शेडमध्ये सगळ्यांच्या हजेरीत व्हायची होती. चार वाजताच बालगृहातून फोन आला. वैजू सकाळपासून पेटी भरून व्हरांड्यात बसली आहे, जेवायलाही उठत नाही, काय करायचं? शैलाने सांगितलं, सातपर्यंत येतोच.

हणमंत नवा शर्ट घालून आला होता. इतक्या दिवसांनी तो आत आला, तेव्हा सगळे आपापल्या डब्यांकडे बघत होते. साडेपाच झाले. सहा बाक भरले. हणमंत उभा.

"तेरा."

चाचांच्या हातात पेन होतं, पण उठल्याशिवाय त्यांचा हात मांडीवरून वर येईना. तिने सात वेळा मोजलं. नवाचा भोंगा झाला. इंदूबाई रडू लागली. "लेकरू शेजारनीकडं हाय माझं," ती म्हणाली. "ताई, कायतरी करा." हणमंतचं नाव मात्र कुणीच घेतलं नाही. सगळे नुसते जमिनीकडे बघत राहिले.

"ताई," हणमंत म्हणाला. "मी जातो."

"ओढ्यापलीकडे?"

"ओढा पुरायचा न्हाय आता. तुरुंगात माझी जागा असंल अजून. तिथं गिनतीत एक कमी पडत असंल."

"हणमंतराव, वैजू बसलीय तिकडे. पेटी भरून."

"व्हय. ह्यांचीबी बसल्यात." त्याने खिशातून केसांना लावायच्या दोन लाल रिबिनी काढल्या, तिच्या हातात दिल्या, आणि दारापाशी जाऊन हात मागे बांधून थांबला. तिने ओरडायला हवं होतं, त्याला धरून बसवायला हवं होतं. तिने दार उघडलं. तो वळून न बघता रस्त्याला लागला, स्टँडच्या दिशेने, आणि दार त्याच्यामागे आपोआप लोटलं गेलं.

मघा सहाही बाक भरलेले होते; आता इंदूबाईच्या शेजारची जागा रिकामी होती. शैलाने डोळे पुसले. तिने हणमंतचं नाव वगळून हजेरी घेतली. अकरा नावं, अकरा 'हजर'. मग तिने डोकी मोजली.

बारा.

पुन्हा मोजली. बारा. एक जास्त.

चाचांनी पेनाला टोपण लावलं, तेवढा त्यांचा हात हलला. इंदूबाईने शेजारच्या रिकाम्या जागेवरून पदर आवरून घेतला आणि मान वर केली. मग एकेक करून अकरा जणांनी मान वर केली आणि सगळे शैलाकडे बघू लागले.

शैला दाराकडे चालत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं, फटीतून रस्ता दिसत होता. रिबिनी मुठीत धरून तिने हात मागे बांधले आणि कुणी उघडेल म्हणून उभी राहिली.