मास्तरांच्या बायकोची अकरा मिनिटं

मास्तर वाचनालयाचा जिना चढले ते भांडायच्या तयारीनेच. वरच्या हॉलमध्ये बाजाररस्त्याच्या साठ वर्षांचं प्रदर्शन भरलं होतं. जुने फोटो, दुकानांच्या पाट्या, तराजू, घड्याळजीची हत्यारं, आणि एका काचेच्या पेटीत खुद्द मास्तरांची कपडा कापायची पहिली कैची. कैची त्यांनी आनंदाने दिली होती. पण तिच्याखालच्या चिठ्ठीवर त्यांचं शिलाईचं दुकान सुरू झाल्याचं वर्ष दोनाने चुकलं होतं, आणि जन्मभर लोकांची मापं लिहिलेल्या माणसाला चुकलेला आकडा सहन होत नाही.

ग्रंथपाल मुलीने शांतपणे वही उघडून पाहिली. वर्ष काकूंनीच सांगितलंय, म्हणाली, मुलाखतीत.

"कुठल्या काकूंनी?"

"तुमच्या घरच्या. त्या कोपऱ्यात हेडफोन आहेत, तीन नंबरचं बटण दाबा. अकरा मिनिटं आहे."

बायको मध्यंतरी तीन-चार दुपारी इथे आली होती, हे मास्तरांना ठाऊक होतं. मासिक बदलायला एवढा वेळ कसा लागतो, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. गप्पा झाल्या, असं तिने सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

स्टुलावर बसून त्यांनी बटण दाबलं. सुरुवातीला सगळं ओळखीचं होतं. लग्नानंतर ती काज-बटणं करायला लागली, मग तुरपाई. मग एका वर्षी मास्तरांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं, ते चिघळलं आणि चार महिने त्यांना कैची धरता येईना. तेव्हा कापायचं काम तिने केलं. त्या हिवाळ्यात दुकानातून सतरा कोट गेले. ते कोणी कापले, हे गिऱ्हाइकांना कळू दिलं नाही. मास्तर मान हलवत ऐकत होते. पुढचंही ती त्याच आवाजात बोलत होती, नळ गळतोय म्हणून सांगावं तशी.

"हात बरा झाल्यावर हे म्हणाले, आता तू आराम कर. चांगल्या मनानेच म्हणाले. पण मला आराम नको होता. मला कैची हवी होती."

त्याच सुमाराला एका कपड्याच्या कारखान्याचा मालक घरी येऊन गेला होता म्हणे. त्या सतरातला एक कोट त्याने पाहिला होता, चौकशी करत तो तिच्यापर्यंत पोचला होता. कापणाऱ्यांच्या टेबलावर मुख्य म्हणून या, असं त्याचं म्हणणं. तिने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते 'जा' म्हणाले असते, ती म्हणाली. "मला ते 'जा' ऐकायचं होतं की 'जाऊ नकोस' ऐकायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही."

मास्तरांनी ते परत पहिल्यापासून ऐकलं. हेडफोन काढला तर मागे घड्याळजी आपल्या पाळीची वाट बघत उभा. मी दुसऱ्यांदा ऐकतोय, असं तो बोलून गेला, आणि मग समोर कोण आहे ते ध्यानात येऊन आपलीच हत्यारं निरखायला लागला. म्हणजे आख्ख्या रस्त्याला माहीत होतं. दिव्याखाली तेवढा अंधार. चिठ्ठीतल्या वर्षाचा विषय न काढताच मास्तर जिना उतरले.

घरी बायको खिडकीशी बसून नातीच्या पँटची खालची मुडप उसवत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही विचारलं नाहीत. त्या मुलीने विचारलं."

"काय विचारलं?"

"की काकू, तुम्हाला काय व्हायचं होतं."

बाजारात सांगण्याआधी घरात सांगायला हवं होतं, असं मास्तर म्हणाले. ते तिने मान्य केलं. उद्या जाऊन ती मुलाखत काढायला सांगते, म्हणाली. तिने इतक्या सहज ऐकलं, याचाच मास्तरांना जास्त त्रास झाला. रस्सीखेचीत समोरच्याने दोर सोडून द्यावा आणि आपण उताणे पडावं, तसं.

सकाळी ती चपला घालत होती तेव्हा ते दारात येऊन म्हणाले, "राहू दे."

"का?"

"ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलंय. आता काढलं तर लोक म्हणतील, मास्तरांनी काढायला लावलं."

"म्हणजे स्वतःच्या अब्रूसाठी."

"हो, तीही आहे," मास्तर म्हणाले. "पण खरं बोललीस, ते कशाला पुसायचं?"

तिने चपला काढल्या आणि चहा टाकला.

रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा कार्यक्रम होता. जुन्या दुकानदारांनी आपापल्या कामाबद्दल चार शब्द बोलायचे, आणि मास्तरांनी लोकांसमोर कोट कापून दाखवायचा. मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं, खडू उचलला, आणि बोलायचं सोडून बायकोलाच वर बोलावलं. ती दुसऱ्या रांगेत होती, तिथूनच तिने नाही म्हटलं.

"आता माझा हात थरथरतो. तीस वर्षांपूर्वी बोलवायचं होतंत."

लोक हसले. मास्तरही हसले, पण कान लाल झाले होते. ते मुकाट्याने खडूने आखायला लागले. पाठ झाली, खांदा झाला, बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याचा बाक निम्मा आखून झाला आणि दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"मुंढा खोल जातोय."

मास्तरांनी पट्टी लावून मापलं. अर्धा इंच खोल जात होता. त्यांनी रेघ झटकून नवी आखली, तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवल्यावर कैची चालवली.

कार्यक्रम संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले. दोघांच्याही पिशव्या घेऊन मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला सांगितलं की त्यांच्याकडे त्या हिवाळ्यातला करडा कोट अजून आहे. तो तिने कापलेला की नाही, हे कसं ओळखायचं?

"आतल्या खिशाच्या तोंडाला तिरकी पट्टी आहे?"

"आहे."

"मग माझाच."

ही पट्टी मास्तरांना ठाऊक नव्हती. घरी जाताना त्यांनी विचारलं, तिरकी का?

"सरळ पट्टी कोपऱ्यात उसवते. तिरकी टिकते."

मास्तर म्हणाले, बरोबर आहे, टिकत असेल.