पारिंतेनच्या हातचा जामू

"रोजचं काही औषध चालू आहे?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"काही नाही," निकेन म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खोटं नव्हतंच. इंडोनेशियातल्या त्यांच्या सोलो शहरात जामूला कोणी औषध म्हणत नाही. हळद, आलं, चिंच, गूळ घालून केलेला काढा. चहा प्यावा तसा लोक तो पितात. निकेनला तर तो पाजणारी तिची आईच होती. पारिंतेन तीस वर्षं बाटल्यांची टोपली पाठीवर बांधून दारोदार जामू विकत आली. आज फेरी आटोपून ती तशीच दवाखान्यात आली होती, कारण घरचं माणूस सोबत हवं, अशी इथली अट होती.

निकेनला पोटावरची चरबी काढून घ्यायची होती. दोन बाळंतपणांनंतर सुटलेलं पोट चालून, पोहून, भात सोडूनही हटलं नव्हतं. पारिंतेनचं दुःख वेगळंच होतं. दोन्ही वेळा लेकीचं पोट तिने स्वतः लांब पट्ट्याने आवळलं होतं, बारीक होण्याचा खास जामू पाजला होता. तोच जामू गल्लीतल्या बायकांना ती छातीठोकपणे विकायची, आणि घरात मात्र ही अशी जाहिरात.

"हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही हं," डॉक्टर बाई सांगत होत्या. "काट्यावर फारसा फरक दिसणार नाही. सैल कातडी तशीच राहील, बाळंतपणाचे वणही जाणार नाहीत. सूज पुरती उतरायला काही महिने लागतात. आणि नंतर वजन वाढू दिलंत, तर चरबी दुसरीकडे जाऊन बसेल."

"म्हणजे नुसतं बिऱ्हाड हलवायचं," पारिंतेन पुटपुटली.

डॉक्टर बाई हसल्या. आईला मारावी तशी हाक मारत म्हणाल्या, "काही आठवडे पोटाला घट्ट पट्टाही लागेल, इबू."

"तो मी फुकटात बांधत होते."

"आणखी एक. रक्त पातळ करणारं काही चालणार नाही. दुखण्यावरच्या काही गोळ्या, लसणाच्या गोळ्या, हळदी-आल्याचे काढे, सगळं दोन आठवडे आधीपासून बंद असायला हवं. नाहीतर रक्त लवकर थांबत नाही."

निकेनने टेबलाखाली आईचा हात दाबला. ऑपरेशन परवावर आलं होतं.

वजन करायला नर्सने बोलावलं, तशी निकेनने आईला बाहेर ओढलं.

"बू, आत काही बोलू नकोस. ही तारीख गेली तर पुन्हा रजा मिळायची नाही मला."

"आज सकाळीही प्यायलीस तू."

"मग काय झालं? जामूने कोण मेलंय? तूच सांगतेस ना जगाला."

सांगत होती खरी. गिऱ्हाईक जरा कचरलं की हेच तिचं ठेवणीतलं वाक्य. लेकीच्या तोंडून ते ऐकताच मात्र पारिंतेन दाराकडे वळली. आत जाऊन खरं सांगायचं म्हणजे आपल्याच मालाला आपल्या तोंडाने नावं ठेवायची. जिवावर आलं होतं तिच्या. तरी ती आत गेली, आणि बसलीसुद्धा नाही.

"डॉक्टर बाई, ही जामू पिते. रोज. माझ्याच हातचा. भरपूर हळद असते त्यात."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. आता परवा नको. तारीख पुढे ढकलू."

घरी जाताना रेल्वेच्या फाटकाशी स्कूटर थांबवून निकेन मान न वळवता म्हणाली, "माझ्या रजेचं आता तूच बघ."

"बघते. तुझ्या साहेबाला पाजते दोन ग्लास."

निकेनची पाठ हलली. ती हसली की रडली, ते मागे बसलेल्या पारिंतेनला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच फेरीला निघाली. पहिल्याच घराच्या फाटकाशी शाळेतल्या हर्यांती बाई आणि त्यांच्या दोघी शेजारणी उभ्या होत्या. बाईंनी ग्लास पुढे केला.

"आधी सांगा बाई, इतक्यात दात वगैरे काढायचाय? कसलं ऑपरेशन? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे?"

"अगं यू, जामू प्यायला आता डॉक्टरची चिठ्ठी लागते की काय?" बाई तिला थोरल्या बहिणीसारखं यू म्हणायच्या.

दोघी शेजारणी हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आपला चहाच बरा," आणि घरात गेली. पारिंतेन तिच्या बंद झालेल्या दाराकडे क्षणभर बघत राहिली. मग हर्यांती बाईंकडे वळली. उत्तर मिळेपर्यंत तिने बाटलीचं बूच काढलं नाही.