नमुन्याचा स्टोव्ह

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. पण मला कधी कोणी विकत घेतलेले नाही. मी नमुन्याचा. एजंटाने मला पिशवीतून लोकांच्या घरी न्यायचे, पेटवून दाखवायचे, माझी निळी ज्योत पाहून घरची माणसे खूश झाली की त्यांना माझ्यासारखा नवा कोरा स्टोव्ह द्यायचा आणि मला पुसून परत पिशवीत घालायचे. असा माझा जन्म गेला. दुसऱ्यांची स्वयंपाकघरे मी इतकी पाहिली आहेत की आता ती एकमेकांत मिसळून जातात. एक मात्र मिसळत नाही. ते लोणावळ्याजवळच्या औंढे गावातले.

मला मुंबईच्या एका कारखान्यात घडवले. टाकी कशी ठोकली, तीन पाय कसे डाग देऊन जोडले, यातले मला काही आठवत नाही. आठवते ती परीक्षा. एका कारागिराने माझ्या पोटात हवा भरली, मला पाण्यात बुडवले आणि कुठून बुडबुडा येतो का ते तो बराच वेळ बघत बसला. बुडबुडा आला नाही. "हा पक्का आहे, नमुन्याला द्या," तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. मग एकोणीसशे छत्तीस साली कंपनीने मला लोणावळ्याला अरुंधतीबाईंकडे पाठवले.

अरुंधतीबाईंचे यजमान चिंतामणराव रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. घर आवरून झाले की दुपार खायला उठायची. कंपनीचे पुरुष एजंट घरोघर जात, पण ओसरीवरूनच परत येत, कारण चूल असते आत आणि आत असतात बायका. म्हणून कंपनीला एक बाई एजंट हवी होती. अरुंधतीबाईंनी हे ऐकले आणि यजमानांना विचारले. चिंतामणराव म्हणाले, "लोक बोलतील." बाई म्हणाल्या, "बोलू देत. मला कंटाळा येतो हो." एवढ्यावर ते ठरले.

सुरुवातीला आमचे काही जमेना. बाई मला पेटवत, माझ्यावर दूध तापवून दाखवत. सासवासुना डोळे मोठे करून पाहत. धूर नाही, फुंकणी नाही, ओल्या लाकडांचा त्रास नाही. मग बाई शेवटी नेमाने सांगत, "घासलेट संपत आलं की आधी विझवायचा. हवा सोडायची. पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच भरायचं. गरम असताना कधी म्हणजे कधी भरायचं नाही, भडका उडतो." भडका हा शब्द ऐकला की बायका मागे सरकत. "नगं बाई, आमची चूल बरी," असे म्हणून आम्हाला चहा पाजून वाटेला लावत. वाटेत माझा बर्नर अजून कोमट असे, पण मला फार ओशाळल्यासारखे होई.

त्या हिवाळ्यात कंपनीने लोणावळ्यातच एका बंगल्यावर एजंटांचा मेळावा भरवला. मुंबई-पुण्याकडून माणसे आली. कोट, टोप्या, फेटे, आणि एका कडेला खुर्चीवर एकट्या अरुंधतीबाई. शिकवायला दिगंबरपंत होते. माणूस गोड बोलणारा, हसतमुख. त्यांनी सांगितले की घरात शिरल्या शिरल्या वस्तू काढू नका. आधी मुलाबाळांची चौकशी करा. पंप घरच्या बाईच्या हातात द्या, म्हणजे स्टोव्ह तिला आपला वाटतो. 'विचार करून सांगतो' म्हणणाऱ्याला विचार करायला सोडू नका. मग त्यांनी बाईंना पुढे बोलावले आणि नेहमीसारखे करून दाखवायला सांगितले. बाईंनी दाखवले, शेवटच्या सूचनेसकट.

दिगंबरपंत हसले. "ताई, तुमचं सगळं उत्तम आहे. पण तुम्ही तासभर सुख दाखवता आणि शेवटी भीती विकता. तो भडका घरी ठेवून यायचा."

"मग ते सांगायचं कधी?" बाईंनी विचारले.

"पेटीत छापील कागद असतो ना. आणि वस्तू घरात आली की माणसं वापरून वापरून शिकतात. आपल्या आजीला चूल कोणी शिकवली होती?"

सगळे हसले. बाईही हसल्या. त्यांनी लगेच दिगंबरपंतांच्या पद्धतीने पुन्हा करून दाखवले, आणि अख्ख्या सभेने टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या बाईंसाठी तोवर कोणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घरी परतताना त्यांनी मला पिशवीत न ठेवता छातीशी धरले होते. त्या टाळ्यांनी काय केले ते मला तेव्हाच कळले.

रात्री जेवताना चिंतामणरावांनी मेळाव्याची हकिकत ऐकली आणि विचारले, "आणि ते गार करायचं?"

"ते कागदावर आहे."

"कागद इंग्रजीत आहे ना?"

बाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

त्यानंतर आमचे दिवस पालटले. लोणावळा, तळेगाव, आसपासची गावे, जिथे जाऊ तिथे काम होऊ लागले. बायका बाईंची वाट पाहू लागल्या. कंपनीकडून कौतुकाचे निरोप येऊ लागले. मला रोज चिंच लावून घासले जाई आणि माझ्यात लोकांना आपले चेहरे दिसत. मी सुखात होतो, हे मी नाकारणार नाही.

औंढ्याला आम्ही गेलो ते श्रावणात. कोंडाजी तिथला शेतकरी घरातला, पण लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये कामाला. पहाटेची पाळी असली की त्याच्या बायकोला, विठाबाईला, अंधारात उठून भाकऱ्या थापाव्या लागत. पावसात लाकडे पेटत नसत. तिचे डोळे धुराने कायम लाल. कोंडाजीनेच बाईंना बोलावले होते. त्याची आई धोंडाबाई भिंतीला टेकून सगळे बघत होती.

विठाबाई हुशार होती. पंप मारायला लगेच शिकली. माझ्यावर भाकरी टम्म फुगलेली पाहून तिला हसू आवरेना. मग तिने विचारले, "ताई, सैपाक चालू असताना मदीच ह्याचं घासलेट सपलं तर वं?"

मी त्या वेळी पेटलेला होतो. माझ्याच आवाजात बाईंचे उत्तर मला ऐकू येऊ नये असे वाटले, पण आले.

"पुन्हा भरायचं," बाई म्हणाल्या. "त्यात काय अवघड आहे?"

"येवढंच?"

"एवढंच."

धोंडाबाई म्हणाली, "घ्या मंग. पोरीचं डोळं तरी वाचतील."

दिवाळी झाल्यावर आम्ही पुन्हा औंढ्याला गेलो. शेजारच्या दोन घरांत स्टोव्ह दाखवायचा होता, आणि विठाबाईचा चालता स्टोव्ह त्यांना दाखवला की काम सोपे, असा बाईंचा बेत. दारात धोंडाबाई उभी होती. ती वाटेतून हलली नाही. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "या बाई. आत या. बगा."

विठाबाई कोपऱ्यात बसली होती. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत चिंध्यांनी गुंडाळलेला. मान एका बाजूला ताणलेली, हनुवटीखालची कातडी गुळगुळीत, गुलाबी. धोंडाबाई सांगत होती, आवाज न चढवता, जणू दुसऱ्या कोणाच्या घरातले सांगावे तसे. कोंडाजीला पाळीला उशीर होत होता. भाजी अर्धी शिजलेली असताना ज्योत बसली. विठाबाईने टाकीचे झाकण काढले आणि बाटलीतून घासलेट ओतले. "आग तिच्या पदराला न्हाई, तिच्या अंगालाच आली. मी घोंगडं टाकलं तिच्यावर. न्हाईतर आज तुमाला ही दिसली नसती."

बाई खाली बसल्या. पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरली आणि मी जमिनीवर आपटलो. माझ्या टाकीला तेव्हा पोचा आला, तो अजून आहे.

"ताई," विठाबाई म्हणाली, "मी तुमाला इचारलं व्हतं."

"विचारलं होतंत," बाई म्हणाल्या.

"तुमाला ठावं नव्हतं का?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे असते, मित्रांनो? 'नव्हते' म्हटले असते तर त्या सुटल्या असत्या. त्या घरात कोणालाही खरे कळले नसते. बाईंनी विठाबाईच्या हाताकडे पाहिले.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आधी सगळ्यांना सांगत होते. मग सांगायचं सोडलं."

धोंडाबाई उठून बाहेर गेली. विठाबाईने तोंड भिंतीकडे फिरवले. आम्ही आलो तसे निघालो. शेजारच्या घरांत बाई गेल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात पुन्हा मेळावा भरला. साऱ्या जिल्ह्यात अरुंधतीबाईंचे काम सर्वांत मोठे होते. त्यांचा सत्कार व्हायचा होता आणि आपल्या यशाची युक्ती त्यांनी नव्या एजंटांना सांगायची होती. दिगंबरपंतांनी त्यांची फार स्तुती केली. टाळ्या थांबल्यावर बाईंनी मला टेबलावर ठेवून पेटवले. पोचा सगळ्यांना दिसत होता. मग त्यांनी मला विझवले, हवा सोडली आणि हात बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. सभा वाट पाहू लागली. कोणी खोकले, कोणी खुर्ची सरकवली. मी गार होत होतो.

"मला युक्ती विचारलीत," बाई म्हणाल्या. "मी एवढा वेळ थांबायला सांगत नाही, ही माझी युक्ती आहे. ती मी इथेच शिकले." आणि त्यांनी विठाबाईचे सगळे सांगितले, तिचा प्रश्न आणि आपले उत्तर, शब्द न गाळता.

टाळ्या झाल्या नाहीत. दिगंबरपंत पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, वाईट झालं. पण असे प्रसंग सभेत बोलायचे नसतात. नवी माणसं घाबरतात."

"घाबरू देत. तुम्ही प्रत्येक एजंटाला हे आधी सांगायला लावा, मग मी पुढच्या वर्षीही येईन."

"ते माझ्या हातात नाही."

"मग माझं नाव काढून टाका."

नाव काढलेच. सत्कार दुसऱ्या कोणाचा तरी झाला. मी कंपनीचा माल, तेव्हा मला तिथेच टेबलावर ठेवून बाई बाहेर पडल्या. त्या फाटकापाशी पोचल्या असतील-नसतील, तोच दिगंबरपंतांनी मला उचलले आणि झपाझप त्यांच्यामागे गेले. मला त्यांच्या हातात देत ते म्हणाले, "हा राहू दे तुमच्याकडे. मी बघून घेतो." आणि मग म्हणाले, "आमच्याकडेही हाच स्टोव्ह आहे. बायकोला हे मी कधी सांगितलं का, ते काही केल्या आठवत नाही."

त्यांनी घरी जाऊन सांगितले की नाही, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा घरोघर निघाल्या. या वेळी विकायला काही नव्हते. जिथे जिथे स्टोव्ह दिला होता तिथे जाऊन, मला पेटवून, विझवून, गार करून, भरून दाखवायचे. पूर्वी ज्या बायका वाट पाहत, त्यांतल्या काहींनी दार लावून घेतले. काही म्हणाल्या, आमचा चांगला चाललाय, अपशकून करू नका. एकीने तोंडावर विचारले, "आता का आठवलं?" बाईंजवळ याला एकच उत्तर होते, 'माहीत असून सांगायचं सोडलं आणि एक जण भाजली,' आणि ते त्या प्रत्येक दारात देत. ऐकून घेणाऱ्या थोड्या, न ऐकणाऱ्या जास्त.

औंढ्याला जायची त्यांची छाती होत नव्हती. शेवटी गेल्या. विठाबाईचा हात बांधलेला नव्हता, पण कोपरात वाकत नव्हता. बाई ओसरीवरच उभ्या राहिल्या आणि गावोगाव काय चालले आहे ते त्यांनी सांगितले. लोक ऐकत नाहीत हेही सांगितले.

विठाबाई म्हणाली, "मी येते."

धोंडाबाई म्हणाली, "कुटं? हा हात घेऊन गावभर फिरायचं?"

"ह्यो हात घेऊनच, आत्याबाई. ताईंचं न्हाई ऐकत. ह्याचं ऐकतील."

आणि ऐकले, मित्रांनो. विठाबाई फार बोलत नसे. बाई मला विझवून गार व्हायची वाट पाहत बसल्या की ती बाही वर करी आणि हात माझ्या शेजारी ठेवी. मग कोणाला घाई नसे.

एकदा परतीच्या वाटेवर बाईंनी तिला विचारले, "विठाबाई, माझ्याबद्दल मनात काय आहे तुमच्या?"

विठाबाईने बाही खाली ओढली. "दुपारचं ऊन लागलं की हात ओढतो," ती म्हणाली. "तवा लय राग येतो तुमचा. लपवून काय करू? उद्याला कुटं जायाचं?"

"वाकसईला."

"बरं. येते."

पुढे लढाई सुरू झाली. घासलेट मिळेनासे झाले आणि घराघरांतून पुन्हा चुली पेटल्या. चिंतामणराव निवृत्त झाले. मला माळ्यावर ठेवले गेले. माझ्या पंपातले कातडे सुकून कडक झाले आहे, बर्नरमध्ये कोळ्याने घर केले आहे. आता मला कोणी चिंच लावत नाही. त्याचे दुःख आहे, पण फार नाही.

मित्रांनो, घरातल्या स्टोव्हला जपा, त्याला गार व्हायला वेळ द्या, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागतो. कधीतरी तुमच्यावर विश्वास ठेवून कोणी तुम्हाला साधा प्रश्न विचारील. खरे उत्तर दिले तर तुमचे काम बिघडेल, समोरचा मागे सरकेल, टाळ्या मिळणार नाहीत. तरी ते त्याच वेळी द्या. अरुंधतीबाई नंतर किती वाटा चालल्या, ते मी त्यांच्या पिशवीतून पाहिले आहे. एवढे चालूनही विठाबाईचा हात वाकला नाही.